सौरघट काळा का दिसतो?

अकोला-अमरावती भागात आता शेतांमध्ये सौर कृषिपंपांची पॅनेल दिसतात. विद्यार्थ्यांना असे पॅनेल जवळून दाखवले, तर एक प्रश्न विचारता येईल. शुद्ध सिलिकॉनची घासूनपुसून गुळगुळीत केलेली चकती आरशासारखी चकाकते. मग तिच्यापासून बनलेला सौरघट काळा किंवा काळपट निळा का?

चकाकी म्हणजे परावर्तन. गुळगुळीत सिलिकॉनवर पडणाऱ्या प्रकाशापैकी सुमारे ३५ टक्के प्रकाश परत फिरतो. जो प्रकाश आत शिरत नाही, त्याची वीज होत नाही. मग तेवढाच पंप चालवायला जास्त पॅनेल लागतील आणि खर्च वाढेल. वऱ्हाडात ऊन भरपूर, पण मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो आणि घट तापला की दर अंशामागे त्याची वीज साधारण ०.३ ते ०.५ टक्क्यांनी घटते. हे नुकसान टाळणे कठीण. परावर्तनाचे मात्र स्वस्तात टाळता येते.

त्यासाठी चकती सुमारे ८० अंश सेल्सिअस तापमानाच्या सौम्य कॉस्टिक सोड्याच्या किंवा पोटॅशच्या द्रावणात काही मिनिटे बुडवतात. सिलिकॉन विरघळतो, हायड्रोजनचे बुडबुडे निघतात. पण स्फटिकाची सर्व प्रतले सारख्या वेगाने झिजत नाहीत. एका प्रकारच्या प्रतलांतील अणू अधिक घट्ट बांधलेले असल्याने ती फार सावकाश झिजतात आणि शेवटी तीच उघडी राहतात. पृष्ठभागावर काही मायक्रॉन उंचीचे असंख्य पिरॅमिड उभे राहतात. ना साचा, ना कोरणी. आकार स्फटिकाच्या रचनेतूनच येतो.

पिरॅमिडची बाजू तळाशी ५४.७ अंशांचा कोन करते. हा कोन ४५ अंशांहून मोठा असल्याने सरळ वरून आलेला किरण परावर्तित होऊन वर न जाता किंचित खाली वळतो आणि शेजारच्या पिरॅमिडवर आदळतो. त्याला आत शिरण्याची दुसरी संधी मिळते. ढोबळ हिशेब असा: १०० भागांपैकी ३५ परावर्तित झाले, त्यांचे ३५ टक्के म्हणजे सुमारे १२. आत शिरणारा प्रकाश ६५ वरून ८८ भागांवर गेला! वर सिलिकॉन नायट्राइडचा पातळ थर दिला की परावर्तन आणखी घटून काही टक्क्यांवर येते. शिवाय आत शिरलेला किरण तिरका जातो, त्याचा मार्ग लांबतो. सिलिकॉन अवरक्त प्रकाश सहज शोषत नाही, म्हणून ही लांबी मोलाची. त्यामुळे चकती पातळ ठेवता येते आणि महाग सिलिकॉन वाचतो.

मुंबईच्या आयआयटीत २०१० साली राष्ट्रीय प्रकाशविद्युत संशोधन व शिक्षण केंद्र स्थापन झाले. सौरघट अधिक कार्यक्षम आणि स्वस्त करण्याचे संशोधन तेथे चालते.

वर्गात करून पाहा : शिवणाच्या चाळीस-पन्नास सुया, टोके एकाच बाजूला ठेवून, रबराने घट्ट बांधा. जुडगा टोकांच्या बाजूने, डोळ्यांपासून दूर धरून पाहा. प्रत्येक सुई चकाकते, पण जुडगा काळा दिसतो. टोकांच्या मधल्या फटींत शिरलेला प्रकाश पुन्हा पुन्हा आदळत आत जातो आणि फारच थोडा बाहेर येतो.