मुखत्यारपत्राची फीत सोडू नका

आपल्या कितीतरी कुटुंबांतील मुलेबाळे आज ऑस्ट्रेलियात स्थायिक झाली आहेत. वाडवडिलांनी उसाच्या शेतात राबून घेतलेली जमीन विकायची किंवा वाटायची झाली, म्हणजे मेलबर्नच्या बहिणीची सही लागते. तिला येणे जमत नाही. मग ती भावाच्या नावे मुखत्यारपत्र पाठविते.

आपल्या मॉरिशसचा नोटरी फ्रेंच परंपरेतला. तो खरेदीखत स्वतः तयार करतो. तिकडचा नोटरी बहुधा अनुभवी वकील असतो. व्हिक्टोरिया राज्यात त्याची नेमणूक तेथील सुप्रीम कोर्ट करते. तो बहिणीचा पासपोर्ट पाहतो, आपल्यासमोर सही करवून घेतो आणि तसा दाखला जोडतो.

खरी मेख या जोडण्यात आहे. सुटा किंवा नुसत्या क्लिपने लावलेला दाखला कोणी काढून दुसऱ्याच कागदाला लावला तर? एका प्लॉटच्या जागी सगळी जमीन विकायची परवानगी होऊन बसेल! म्हणून चांगला नोटरी दाखल्यातच लिहितो की, हा दाखला कोणत्या कागदाचा, किती पानांचा, कोणत्या तारखेचा. प्रत्येक पानावर क्रमांक घालतो. सर्व पानांतून फीत ओवून तिची टोके मोहोरेखाली चिकटवितो. मग पान बदलायचे तर मोहोर मोडावी लागते.

यावर ऑस्ट्रेलियाचे परराष्ट्र खाते ‘अपोस्टिल’ जोडते. ५ ऑक्टोबर १९६१ च्या हेग कराराने ही पद्धत आली. मॉरिशस या करारात १९६८ पासून आहे, ऑस्ट्रेलिया १९९५ पासून आणि भारत २००५ पासून. अपोस्टिलवर क्रमांक असतो व त्यावरून नोंद पडताळता येते. मात्र ती फक्त सही, अधिकार आणि मोहोर यांची खात्री देते. आतील मजकुराची नव्हे.

तेव्हा मजकूर आधी येथील नोटरीला दाखवून घ्यावा, आणि मगच बहिणीने तिकडे सही करावी. पाकीट आल्यावर झेरॉक्ससाठी फीत सोडू नये, टाचण्या काढू नयेत. एकदा सुटलेल्या कागदावर नोटरीने विश्वास का ठेवावा?

भावाबहिणीत विश्वास असतोच. तो पुढेही टिकावा, म्हणून कागद घट्ट बांधलेला बरा.