रॉकर आर्मचे गुणोत्तर आणि झडपेची उचल : डिझेल पंपसंचाच्या संदर्भात

नांदेड व लातूर जिल्ह्यांत गोदावरी-मांजरेच्या काठी व विहिरींवर चालत आलेले एक सिलिंडरचे डिझेल इंजिन सर्वांच्या परिचयाचे आहे. पुण्यात १९४६ साली स्थापन झालेल्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्सचे नाव महाराष्ट्रात त्याच्याशी जोडले गेले. विजेच्या मोटारीने त्याची जागा बऱ्याच अंशी घेतली, तरी झडप-यंत्रणा शिकविण्यास त्याहून सोयीचे साधन नाही. प्रस्तुत लेखात त्यातील रॉकर आर्म या भागाचा विचार केला आहे.

रॉकर आर्म ही एक तरफ होय. टेकूपासून झडपेकडील भुजेच्या लांबीस पुशरॉडकडील भुजेच्या लांबीने भागले असता गुणोत्तर मिळते. उदाहरणादाखल कॅमची उचल ६ मि.मी. व गुणोत्तर १.५ मानल्यास झडप ९ मि.मी. उचलली जावयास हवी. झडपेकडील ०.२० मि.मी. मोकळीक वजा जाता प्रत्यक्ष उचल ८.८० मि.मी. उरते. गुणोत्तर १.६ केल्यास ती ९.४० मि.मी. होते. उघडण्या-मिटण्याचे क्षण मात्र जवळपास तेच राहतात, कारण ते कॅमच्या आकारावर ठरतात.

मग गुणोत्तर वाढवीतच का न्यावयाचे नाही? झडपेभोवतीची वाट म्हणजे परीघ गुणिले उचल. उचल व्यासाच्या एकचतुर्थांश झाली की ही वाट झडपेच्या तोंडाच्या क्षेत्रफळाइतकी होते. पुढे अडसर तोंडाचाच असतो. ३६ मि.मी. व्यासाच्या झडपेस ही मर्यादा ९ मि.मी. आहे. म्हणजे वरील वाढीतील बराचसा भाग वाया जातो. याउलट झडपेचे वस्तुमान कॅमला गुणोत्तराच्या वर्गपटीत जाणवते, १.५ चे १.६ होताच ते सुमारे १४ टक्क्यांनी वाढते. स्प्रिंगचा भारही पुशरॉडवर अधिक येतो. शिवाय डिझेल इंजिनात दट्ट्या व झडप यांतील अंतर मुळातच थोडे असते.

शेतकऱ्याच्या दृष्टीने खरा प्रश्न गुणोत्तर वाढविण्याचा नसून ते टिकविण्याचा आहे. झिजलेल्या टोकावर भर देऊन ते घासताना स्पर्शबिंदू सरकला, तर भुजेची परिणामी लांबी बदलते. सीट वारंवार घासल्याने झडप आत बसते, तिचा दांडा वर येतो आणि रॉकरचा कोन बिघडतो. टोकास खड्डा पडला असेल तर फीलर गेजची पट्टी त्यावरून आडवी जाते व खरी मोकळीक मापापेक्षा अधिक राहते. मिस्त्रीचा ‘वॉल’ नीट लावलेला असूनही उचल कमी पडते; हवा अपुरी मिळून काळा धूर व डिझेलचा खर्च वाढतो.

आपल्या कार्यशाळांतून विद्यार्थी झडपेच्या वेळांची आकृती काढतात, उचल मात्र क्वचितच मोजतात. एक डायल गेज पुशरॉडच्या टोकावर व दुसरा झडपेच्या स्प्रिंगवरील टोपीवर लावून, मोकळीक संपल्यानंतरची दोन्ही वाचने दर १० अंशांनी नोंदवावीत. त्यांच्या वाढीचे भागाकार काढताच दिसते की गुणोत्तर हा स्थिर आकडा नाही. रॉकर कमानीत फिरत असल्याने ते उचलीबरोबर किंचित बदलत जाते.