अझोर्सचा विमानतळ आणि पत्रादेवीची वाट

कुडाळहून निघून झाराप आणि बांदा ओलांडले की पत्रादेवी लागते. येथील घरांतून पेडण्याच्या, म्हापशाच्या सोयरिकी पिढ्यान् पिढ्या चालत आल्या आहेत. पलीकडचा मुलूख परका आहे असे या बाजूच्या माणसास कधी वाटले नाही. तरीही १५ ऑगस्ट १९५५ रोजी गोव्यात निःशस्त्र शिरू पाहणाऱ्या सत्याग्रहींवर पोर्तुगीज शिपायांनी गोळ्या झाडल्या. पंजाबचा तरुण कर्नेलसिंग पत्रादेवीस धारातीर्थी पडला, आणि निरनिराळ्या नाक्यांवर मिळून त्या एका दिवशी वीसांहून अधिक सत्याग्रही प्राणांस मुकले.

ही वार्ता वॉशिंग्टनला पोचली नव्हती असे कोण म्हणेल? परंतु अवघ्या साडेतीन महिन्यांनी, २ डिसेंबर १९५५ रोजी, अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री जॉन फॉस्टर डलेस यांनी पोर्तुगालचे परराष्ट्रमंत्री पाउलो कुन्या यांच्यासह एक संयुक्त पत्रक काढले आणि त्यात पूर्वेकडील पोर्तुगीज मुलुखांस ‘प्रांत’ असे संबोधिले. चारच दिवसांनी वार्ताहरांनी छेडले, तेव्हा गोवा हा पोर्तुगालचा प्रांतच होय, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. त्या सुमारास क्रुश्चेव्ह व बुल्गानिन हिंदुस्थानात येऊन गोव्यासंबंधी आपली बाजू उचलून धरीत होते, त्याचा राग डलेससाहेबांस आला असावा हे आम्ही समजू शकतो. पण रशियावरचा राग गोमंतकीयांवर का काढावा? आणि हा ‘प्रांत’ तरी केव्हाचा? १९५१ पर्यंत खुद्द लिस्बनचे सरकार या मुलुखांस ‘वसाहती’ म्हणत होते. त्या वर्षी राज्यघटनेतील शब्द बदलण्यात आला, इतकेच.

या शब्दनिष्ठेचे मूळ अटलांटिक महासागरात आहे. अझोर्स बेटांवरील लाजेस येथील विमानतळ अमेरिकेस युरोपच्या वाटेवर हवा होता आणि ती बेटे पोर्तुगालची. १९४९ च्या अटलांटिक कराराच्या प्रस्तावनेत लोकशाही, व्यक्तिस्वातंत्र्य आणि कायद्याचे राज्य यांचा जयघोष आहे. त्या कराराखाली मूळ सभासद म्हणून सालाझारच्या हुकूमशाहीची सही आहे!

योगायोग असा की, डलेस-कुन्या पत्रकाच्या आदल्याच दिवशी, १ डिसेंबर १९५५ रोजी, अमेरिकेच्या अलाबामा राज्यातील मॉन्टगोमेरी शहरात रोझा पार्क्स या कृष्णवर्णीय शिवणकाम करणाऱ्या बाईंना, बसमधील जागा गोऱ्या उतारूसाठी सोडली नाही म्हणून अटक झाली. तेथील कृष्णवर्णीय जनतेने पुढे ३८१ दिवस बसवर बहिष्कार घातला. या चळवळीचे धुरीण मार्टिन ल्यूथर किंग गांधीजींस गुरुस्थानी मानीत. १९५९ साली ते हिंदुस्थानात आलेही. मॉन्टगोमेरीतला निःशस्त्र मनुष्य आणि पत्रादेवीचा निःशस्त्र मनुष्य एकाच शाळेतले होते. अमेरिकी सरकारला हे उमगत नव्हते असेही नाही. १९५२ मध्ये शाळांतील वर्णभेदाच्या खटल्यात त्याच्याच न्यायखात्याने सर्वोच्च न्यायालयास कळविले होते की, या भेदामुळे परराष्ट्रांत अमेरिकेची अप्रतिष्ठा होते. अन्यायाची बोच होती, ती बव्हंशी अप्रतिष्ठेपुरती.

१८ डिसेंबर १९६१ रोजी भारतीय सेना गोव्यात शिरली, तेव्हा सुरक्षा समितीत अमेरिकेचे प्रतिनिधी अॅडलाय स्टीव्हन्सन यांनी बळाच्या वापराचा कडक निषेध केला. याच स्टीव्हन्सनांनी आठ महिन्यांपूर्वी, त्याच राष्ट्रसंघात, क्यूबाच्या विमानतळांवर बाँब टाकणारी विमाने कॅस्ट्रोच्याच फितूर वैमानिकांची असल्याचे छायाचित्र दाखवून सांगितले होते. ती विमाने अमेरिकेने धाडली होती. स्टीव्हन्सन स्वतः सज्जन. त्यांना त्यांच्याच सरकारने फसविले होते. म्हणूनच गोव्याच्या वेळी तरी त्यांनी जपून बोलावयास हवे होते. अहिंसेचा पाठ जगाला देणाऱ्या भारताने शस्त्र उचलले, हा टोमणा आम्हांसही झोंबतो. पण चौदा वर्षे वाटाघाटींचे दार ठोठावून मग उचललेले ते शस्त्र होते.

न्यायाने हेही नमूद केले पाहिजे की, मार्च १९६१ मध्ये अंगोलाच्या प्रश्नावर केनेडी सरकारने पोर्तुगालविरुद्ध मत दिले होते. ते धाडस फार दिवस टिकले नाही. अझोर्सच्या तळाची मुदत १९६२ अखेर संपत होती.

सुरक्षा समितीतील तो ठराव सात विरुद्ध चार मतांनी पुढे आला आणि रशियाच्या नकाराधिकाराने पडला. विरोधी मतांत सिलोन, लायबेरिया आणि संयुक्त अरब प्रजासत्ताक हे देश होते. १९ डिसेंबरच्या रात्री पोर्तुगीज गव्हर्नराने शरणागती पत्करली. एप्रिल १९७४ मध्ये लिस्बनची हुकूमशाही कोसळली आणि त्याच वर्षीच्या ३१ डिसेंबरला पोर्तुगालने करारावर सही करून गोव्यावरील भारताची सत्ता मान्य केली.