चूक दुरुस्त करावी, पण जपून!

छापील पुस्तकात चूक दिसली की आपण पेन्सिलीने समासात बरोबर शब्द लिहितो. पुढे धाकट्यांना ते पुस्तक नीट वाचता येते. मग ई-रीडरवरच्या पुस्तकातली चूक तशीच का ठेवावी?

ई-पब पुस्तक म्हणजे एक गाठोडेच. आत प्रकरणांच्या फाइली, चित्रे आणि पानांची मांडणी ठरवणारी फाइल असते. ई-रीडरवर हे गाठोडे सहसा सोडता येत नाही. किंडलवर चुकीच्या शब्दावर बोट दाबून टीप लिहिता येते. शब्द मात्र तसाच राहतो. कोबोवर केओरीडर हे मोफत सॉफ्टवेअर टाकले, तर पुस्तकाचे नाव, लेखकाचे नाव आणि मांडणी तिथेच बदलता येते. हे बदल वेगळ्या फाइलीत राहतात, मूळ पुस्तकाला धक्का लागत नाही.

शब्दच बदलायचा तर संगणक बरा. कोविद गोयल यांनी २००६ साली सुरू केलेले कॅलिबर मोफत मिळते. त्यात २०१३ पासून पुस्तक दुरुस्त करण्याची सोय आहे. कुलूपबंद विकत मिळणारी पुस्तके मात्र त्यात उघडत नाहीत.

आमचा शिरस्ता असा : वाचताना फक्त खूण करायची, सुटीच्या दिवशी दुरुस्ती. आधी मूळ प्रत बाजूला ठेवायची. शंका आली तर छापील प्रत पाहायची.

वाचकहो, पेन्सिलीची खूण दिसते, ही दुरुस्ती दिसत नाही. उद्या वाचणारे लेकरू आपला शब्द लेखकाचाच समजेल. म्हणून छपाईची चूक सुधारा, लेखकाचे म्हणणे बदलू नका.