परमुलखातील पहिले सहा महिने

माळव्यातील मराठी घरांस परमुलूख नवा नाही. होळकर, शिंदे आणि पवार यांच्या फौजांबरोबर व दप्तरांबरोबर आपले पूर्वज नर्मदा ओलांडून आले, येथली बोली शिकले, पोह्यांवर शेव भुरभुरू लागले आणि इंदूरकर, उज्जैनकर, देवासकर झाले. मात्र ते आले ते गोतावळ्यासह. आज आपल्या घरांतून जो मुलगा किंवा मुलगी इंजिनिअर होऊन परदेशी जाते, ती एकटी जाते, आणि विमानतळावर हार घालून परतलेल्या आईवडिलांस पुढील सहा महिन्यांत तेथे काय चालले आहे याची कल्पना बहुधा येत नाही. ती यावी, एवढ्याच हेतूने हा लेखनप्रपंच.

आमच्या हाताखाली शिकलेला एक विद्यार्थी २०२२ च्या ऑक्टोबरात जर्मनीतील श्टुटगार्टजवळच्या एका यंत्रनिर्मितीच्या कारखान्यात डिझाइन इंजिनिअर म्हणून रुजू झाला. मुंबईशी १९६८ पासून भगिनीनगरीचे नाते असलेले हे शहर. चोहोकडे टेकड्या, त्यांच्या उतारांवर थेट वस्तीपर्यंत आलेले द्राक्षांचे मळे, आणि खाली नेकार नदीच्या खोऱ्यात मोटारींचे कारखाने. रॉबर्ट बॉश यांनी १८८६ साली आपले छोटे वर्कशॉप उघडले ते येथेच, आणि १९०६ साली आपल्या कामगारांस आठ तासांचा दिवस दिला तोही येथेच. डिसेंबरात तेथे साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो. मुलगा पाच वाजता कारखान्यातून बाहेर पडे तो अंधारातच. त्या वेळी इंदुरात रात्रीचे साडेनऊ झालेले असत. हिवाळ्यात दोन्ही घड्याळांत साडेचार तासांचे अंतर पडते, मार्चच्या शेवटच्या रविवारी तेथील काटे पुढे सरकले म्हणजे ते साडेतीन होते. मुलाचा फोन अकस्मात तासभर अलीकडे-पलीकडे झाला तर त्यात काळजीचे काही नाही, हे आम्हांस त्याच्या आईस दोनदा समजावून सांगावे लागले.

पहिली अडचण घराची. नव्या जागेत राहावयास गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत नगर कचेरीत नोंदणी करावी लागते, त्यासाठी घरमालकाचा लेखी दाखला लागतो, आणि ही नोंदणी झाल्यावरच पगारातून कर कापण्यासाठी लागणारा क्रमांक टपालाने घरी येतो. म्हणजे सगळ्याची किल्ली घरात. एका घरमालकिणीने त्यास जागा पाहावयास 'हाल्ब द्राय' वाजता बोलाविले. इंग्रजीच्या सवयीने त्याने 'अर्धा' आणि 'तीन' हे शब्द जोडले आणि तो साडेतीनला पोहोचला. बाईंची अपेक्षा अडीचची होती! ती जागा दुसऱ्यास गेली.

मराठीच्या अध्यापकास येथे थोडे थांबणे भाग आहे. जर्मन माणूस तिसरा तास अर्धा झाला म्हणून 'अर्धा तीन' म्हणतो. आपला 'अडीच' तरी दुसरे काय आहे? संस्कृत 'अर्धतृतीय' प्राकृतातून झिजत झिजत 'अडीच' झाला. अर्थ तोच, तिसरा अर्धा. पंचवीस या संख्येस जर्मनीत 'पाच आणि वीस' म्हणतात, आपणही पाच आधी आणि वीस नंतर उच्चारतो. २०१९ साली महाराष्ट्रात दुसरीच्या पुस्तकात 'वीस पाच' अशी रीत आली तेव्हा मोठा वाद झाला होता, तो वाचकांस आठवत असेल. ज्या मुलाने घरी मराठी पाढे म्हटले आहेत, त्यास जर्मन संख्या ऐकताना उलटे वाटण्याचे कारण नाही. आमच्या विद्यार्थ्याने पाढे इंग्रजीत म्हटले होते.

लेखी आकड्यांचा पेच निराळा. आपण जेथे दशांशाचा टिंब देतो तेथे ते स्वल्पविराम देतात, आणि हजारांचे गट टिंबाने तोडतात. त्यामुळे कागदावरील १.२५० हा आकडा सव्वा नसून एक हजार दोनशे पन्नास असतो. यंत्राच्या भागाच्या मापात ही गफलत झाली तर काय अनर्थ होईल, हे सांगावयास नको. एरवी नकाशे वाचण्यास त्यास अडचण पडली नाही, कारण आपल्या महाविद्यालयांत शिकवितात ती प्रथम कोनीय प्रक्षेपाची पद्धतच तेथेही चालते.

खरी कसोटी निराळ्याच ठिकाणी लागली. तेथे नेमणुकीचे पहिले सहा महिने बहुधा परीक्षेचे असतात, आणि त्या मुदतीत मालक किंवा नोकर कोणीही दोन आठवड्यांची सूचना देऊन मोकळा होऊ शकतो. परदेशी माणसाची नोकरी गेली की वास्तव्याचा परवानाही डळमळतो. तिसऱ्या महिन्यात वरिष्ठांनी एका सोमवारी विचारले, अमुक नकाशे शुक्रवारपर्यंत होतील काय? काम दहा दिवसांचे होते. आपल्या संस्कारानुसार मुलगा म्हणाला, "होऊन जाईल." शुक्रवारी निम्मेही झाले नव्हते. वरिष्ठ रागावले नाहीत. उशीर चालला असता, परंतु तो सोमवारीच कळावयास हवा होता, एवढेच ते शांतपणे म्हणाले. मुलास हा शांतपणा ओरडण्याहून अधिक लागला. तो घरी हो-नाहीपलीकडे बोलेना. त्याची आई आमच्याकडे आली व म्हणाली, "सर, त्याला परत बोलावून घेऊ का?"

आम्ही नको म्हटले, आणि त्याची कारणेही दिली. आपल्याकडे वडीलधाऱ्यांसमोर 'नाही' म्हणणे उद्धटपणाचे गणले जाते. 'होऊन जाईल' या उत्तरात आदर असतो, वचन नसते, आणि ऐकणाराही ते जाणून असतो. तेथे ऐकणारा त्या शब्दांवर पुढील पाच माणसांचे काम बेततो. हा फरक बुद्धीचा नव्हे, सवयीचा आहे, आणि सवय सहा महिन्यांत बदलू शकते. आम्ही मुलास एवढेच सुचविले की दर सोमवारी काम, लागणारे दिवस आणि अडचण अशा तीन ओळी वरिष्ठांस आपणहून लिहून पाठवाव्या. तोंडाने 'नाही' म्हणणे जड गेले तरी कागदावर ते सोपे जाते.

बाकीचे जीवन त्याने लवकर अंगवळणी पाडले. रविवारी दुकाने बंद, तेव्हा दूध-भाजी शनिवारीच आणावयाची. रात्री दहानंतर मिक्सर लावावयाचा नाही. रिकामी बाटली दुकानात परत करून पंचवीस सेंट सोडवून घ्यावयाचे. कचऱ्याच्या निरनिराळ्या पेट्यांचे मात्र त्यास काहीच वाटले नाही. इंदूरच्या मुलास ओला-सुका कोण शिकविणार! त्या प्रांतात जिन्याच्या सफाईची पाळी आठवड्याआठवड्याने एकेका बिऱ्हाडाकडे जाते, आणि ज्याची पाळी त्याच्या दाराला पाटी लटकते. या प्रथेचे नाव 'केरवोखे'. त्यातील 'केर' आणि आपला केर यांची सोयरीक जुळविण्याचा मोह आम्ही आवरतो.

पगाराविषयी पालकांचे डोळे थोडे उघडणे बरे. अविवाहित माणसाच्या पगारातून कर, निवृत्तिवेतन, आरोग्यविमा, बेकारीचा विमा आदी वजा जाता हाती साठ टक्क्यांच्या आसपास उरते. त्यातून भाडे, आणि पुष्कळदा रिकामे स्वयंपाकघर मिळाल्याने ओटा-कपाटांचाही खर्च. युरोला रुपयांनी गुणून लगेच प्लॉटचा विषय काढणाऱ्या काकांना आम्ही हे मुद्दाम ऐकविले आहे.

२०२३ च्या एप्रिलात सहा महिने पुरे झाले आणि नेमणूक कायम झाली. त्याच सुमारास त्याच्या विभागातील सर्वांत ज्येष्ठ गृहस्थांनी आपणहून 'आपण' सोडून एकमेकांस 'तू' म्हणण्याची परवानगी दिली. तेथे हा मान मोठ्याने द्यावयाचा असतो, धाकट्याने मागावयाचा नसतो. साठीच्या माणसास 'तू' म्हणताना मुलाची जीभ पंधरा दिवस अडखळत होती.

यंदा आई तीन महिन्यांसाठी त्याच्याकडे जाणार आहे. परवा ती वही घेऊन आली होती. जर्मन आकडे देवनागरीत लिहून द्या म्हणाली. एक ते वीस आणि पुढील दहांचे शब्द आम्ही लिहून दिले. पंचवीस, छत्तीस, सत्तेचाळीस कसे जुळवावयाचे, हे तिला सांगावे लागले नाही.