सोळापट मैदान

पोलीस भरतीची कुणकुण लागली, की अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा अशा गावांबाहेरच्या रस्त्यांवर पहाटे मुली पळताना दिसू लागतात. ओढणी कमरेला घट्ट बांधलेली आणि मागे मोटारसायकलवर भाऊ नाहीतर वडील. जालन्यासारख्या जिल्ह्यात मुलीनं घराबाहेर पडून मोकळं पळायला गावाची संमती असते, ती बहुतेक या एका कारणासाठीच. शिपाई पदाच्या मैदानी चाचणीत पुरुषांना १६०० मीटर धावायचं असतं आणि महिलांना ८००, म्हणजे बरोबर निम्मं.

खेळात बाईच्या वाट्याला येणारी मापं अशी पूर्वीपासूनच आखूड आहेत. १९२८ च्या अ‍ॅमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये महिलांची ८०० मीटर शर्यत पहिल्यांदा झाली. जर्मनीच्या लीना राड्केनं ती विश्वविक्रमी वेळेत जिंकली. वर्तमानपत्रांनी मात्र शर्यतीनंतर दमून बसलेल्या धावपटूंचीच वर्णनं रंगवली आणि ती शर्यत ऑलिंपिकमधून गेली. परत आली ती थेट १९६० मध्ये, रोमला. आपल्या कबड्डीत पुरुषांचं मैदान १३ बाय १० मीटर आणि महिलांचं १२ बाय ८. फुटबॉलची जागतिक संघटना फिफा, तिनंसुद्धा १९९१ साली चीनमध्ये महिलांचा पहिला विश्वचषक भरवला तेव्हा सामने ९० ऐवजी ८० मिनिटांचेच ठेवले. पुढच्या स्पर्धेपासून, १९९५ पासून, पूर्ण ९० मिनिटं झाली.

तेव्हापासून फुटबॉलमध्ये माप एकच आहे. तेच मैदान, तोच चेंडू आणि तोच ७.३२ मीटर रुंद, २.४४ मीटर उंच गोल. म्हणूनच मला जालन्याच्या संदर्भात फुटबॉलबद्दल लिहावंसं वाटतं. समतेची भाषा सगळेच करतात, पण हा खेळ समता जमिनीवर मोजून मागतो.

ही मागणी किती मोठी आहे ते पाहू. मराठवाड्यातल्या मुलींनी ज्या खेळात नाव काढलं त्या खो-खोचं मैदान २७ बाय १६ मीटर, म्हणजे ४३२ चौरस मीटर. शाळेच्या इमारतीमागे दोन खांब रोवले की ते होतं. धाराशिवची सारिका काळे अशाच मैदानांवर घडली. २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत तिच्या नेतृत्वाखाली भारतानं सुवर्णपदक जिंकलं आणि २०२० मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला झालेल्या पहिल्या खो-खो विश्वचषकात भारतीय महिलांनी नेपाळला ७८-४० असं हरवलं, त्या संघाची कर्णधार प्रियंका इंगळेही महाराष्ट्राचीच. या मुलींच्या कर्तृत्वात तसूभरही उणं नाही. पण फुटबॉलचं नेहमीचं मैदान १०५ बाय ६८ मीटर असतं, म्हणजे ७,१४० चौरस मीटर, खो-खोच्या सोळापटीहून जास्त. एवढी जमीन रोज संध्याकाळी दोन तास मुलींसाठी मोकळी ठेवायची म्हटलं, की सातबाऱ्यावर बहिणीचं नाव लावायची वेळ यावी तशी घरोघर कुजबुज सुरू होते.

मैदान हातात असलं की बंदी घालायला वेगळा कायदा लागत नाही. इंग्लंडचं उदाहरण याला अगदी चपखल आहे. २६ डिसेंबर १९२० रोजी लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर ‘डिक, कर लेडीज’ या कारखान्यातल्या मुलींच्या संघाचा सामना पाहायला ५३,००० लोक आले होते. वर्षभरही उलटलं नाही आणि ५ डिसेंबर १९२१ रोजी तिथल्या फुटबॉल असोसिएशननं हा खेळ बायकांना शोभत नाही असं ठरवलं. खेळू नका असं थेट सांगण्याची त्यांना गरजच पडली नाही. सदस्य क्लबांनी आपली मैदानं बायकांना देऊ नयेत, एवढाच तो ठराव. तेवढ्यानं पन्नास वर्षं गेली.

आपल्याकडे अशी बंदी नव्हती, तरी उपेक्षा पुरेशी होती. १९७५ मध्ये महिलांच्या फुटबॉलसाठी वेगळी राष्ट्रीय संघटना उभी राहिली. तिच्या काळात, १९८० मध्ये कालिकतला आणि १९८३ मध्ये बँकॉकला, भारतीय महिला आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत उपविजेत्या ठरल्या. शांती मलिक यांना १९८३ चा अर्जुन पुरस्कार मिळाला, हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला फुटबॉलपटू. आशियात दुसऱ्या क्रमांकावर असलेला हा संघ पुढे कुठे हरवला, हा प्रश्न आपल्या क्रीडापानांनी फारसा विचारला नाही. ५ जुलै २०२५ रोजी चियांग माई इथे संगीता बासफोरच्या दोन गोलांच्या जोरावर भारतानं थायलंडला २-१ असं हरवलं आणि पहिल्यांदाच पात्रता फेरी जिंकून आशियाई चषकात जागा मिळवली.

महाराष्ट्रातही फुटबॉल आला, पण पाहुण्यासारखा. १५ सप्टेंबर २०१७ रोजी राज्य सरकारनं ‘मिशन वन मिलियन’ नावाखाली एका दिवसात दहा लाख मुलामुलींना फुटबॉल खेळवण्याचा कार्यक्रम केला, शाळाशाळांत चेंडू पोचवले. २०२२ मध्ये नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर दोन मोठ्या गोष्टी झाल्या. जानेवारीत आशियाई चषकात यजमान भारताचा संघ कोरोनामुळे सामन्यासाठी उभाच राहू शकला नाही आणि स्पर्धेबाहेर गेला; ऑक्टोबरमध्ये मुलींच्या १७ वर्षांखालील विश्वचषकाचा अंतिम सामना झाला, स्पेननं कोलंबियाला १-० असं हरवलं. याच मैदानावर २ नोव्हेंबर २०२५ च्या रात्री भारतीय महिलांनी क्रिकेटचा विश्वचषक जिंकला. त्या विजयामागे सामन्याच्या मानधनाची बरोबरी (२०२२ चा निर्णय), स्वतंत्र लीग आणि टीव्हीवरची जागा, असं सगळं होतं. फुटबॉलच्या वाट्याला यातलं थोडंच आलं.

पण मानधनाचा प्रश्न निवड झालेल्या मुलीचा. जालन्यातल्या मुलीचा प्रश्न त्याच्या फार अलीकडे, शाळा सुटण्याच्या वेळेला सुरू होतो. जालन्यासह २२ जिल्ह्यांतल्या १२५ तालुक्यांत मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या एसटी बस धावतात. आठवी ते बारावीच्या मुलींना त्यात मोफत प्रवास. मुलींची शाळा सुटू नये म्हणून केलेल्या उपायांमध्ये मला हा सर्वांत मोलाचा वाटतो. मात्र या गाड्या शाळेच्या वेळेला बांधलेल्या. सरावाला थांबली तर बस गेली, आणि बस गेली तर दुसऱ्या दिवसापासून सराव बंद, कदाचित शाळाही. त्याच वेळी तिच्या वर्गातला मुलगा सायकलवर अंधार पडेपर्यंत खेळून घरी जातो. दोघांनाही खेळण्याचा हक्क सारखाच आहे, असं कागदावर म्हणता येतं.

दुसरी अडचण हंगामाची. शालेय स्पर्धा तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्यांनी पावसाळ्यापासून हिवाळ्यापर्यंत चालतात. दसरा-दिवाळीच्या सुमाराला अंबड, घनसावंगी, मंठा, परतूर भागातली ऊसतोड कुटुंबं कारखान्यांकडे निघतात. मुलगी सोबत गेली तर संघ तुटतो आणि मागे राहिली तर तिच्या सुरक्षिततेची काळजी आईबापांना पोखरते. उचल मिळते ती कोयत्यावर, म्हणजे नवराबायकोच्या जोडीवर. काळजी आणि कोयता एकत्र आले की लग्न लवकर उरकतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत अठराच्या आत लग्न झालेल्या मुलींचं प्रमाण राज्यात सुमारे २२ टक्के आढळलं. मराठवाड्यातले जालन्यासारखे जिल्हे त्याच्याही बरेच वर आहेत. सतरा वर्षांखालील गटात खेळण्याचं वय आणि बोहल्यावर चढवण्याचं वय इथे एकच आहे.

यावर तोड काय, ते मुंब्र्यातल्या मुलींनी दाखवलं आहे. २०१२ पासून सबाह खान आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या ‘परचम’ या गटानं तिथल्या मुलींना फुटबॉल खेळायला मैदानात उतरवलं. सोयी मागायच्या आधी मुलींनी जागा मागितली. सह्यांची मोहीम काढली, लोकप्रतिनिधीकडे गेल्या आणि मुलींना खेळण्यासाठी राखीव मैदानाची मागणी मान्य करून घेतली. दाट वस्तीत, जिथे जमिनीचा तुकडा तुकडा मोजला जातो, तिथे हे घडलं.

जालन्यात जमिनीचा तुटवडा मुंब्र्यासारखा नाही. डिसेंबर २०१८ मध्ये शहरात महाराष्ट्र केसरी भरली तेव्हा आझाद मैदान हजारो लोकांनी भरून गेलं होतं. ती कुस्ती पुरुषांची होती. १९६१ साली सुरू झालेल्या त्या किताबाला महिलांच्या किताबाची जोड मिळाली ती मार्च २०२३ मध्ये, सांगलीत; प्रतीक्षा बागडी पहिली विजेती. मैदान भरवायची हौस आणि हिंमत जिल्ह्याकडे आहे, हे तेव्हा दिसलंच.

आता मागणी नेमकी करायला हवी. एसटीच्या जालना विभागात जालना, अंबड, परतूर आणि जाफराबाद अशी चार आगारं आहेत. प्रत्येक आगारानं आठवड्यातून दोन दिवस निळ्या गाडीची परतीची एक फेरी दीड तास उशिरा सोडावी. त्या दोन दिवशी तालुक्याचं मैदान मुलींच्या नावावर असावं आणि सरावाला एक शिक्षिका उभी असावी. शाळा आणि आगारानं मिळून या वेळा जूनमध्येच ठरवाव्यात, त्या बैठकीत क्रीडाशिक्षकानंही बसावं आणि मुलींच्या आयांनाही बोलवावं.