वेगही हवा, अचूकपणाही हवा : पीक नोंदींचे मोठे काम कसे सांभाळावे?



हरसूल परिसरात भाताची कापणी एकाच वेळी येत नाही. हळव्या जाती आधी निसवतात व आधी कापणीला येतात. त्यानंतर निमगरव्या आणि शेवटी गरव्या जाती येतात. वरकस जमिनीवरची नागली, वरई आणि खुरासणी यांची वेळ पुन्हा वेगळी असते. पीक जसे तयार होईल तसे आपण कापतो, कारण उशीर झाला की दाणे झडतात किंवा परतीच्या पावसात पीक सापडते. याच थोड्या दिवसांत पिकांच्या नोंदीचे कामही उरकावे लागते. पीक कापणी प्रयोग, मोबाईलवरील पीक पाहणी, शेतकरी गटाची खरेदी, बियाण्याच्या व अनुदानाच्या याद्या ही सर्व कामे एकाच वेळी अंगावर येतात.

हजारो नोंदींचे काम घाईत केले तर चुका राहतात. एकेक नोंद तीनदा तपासत बसले तर मुदत निघून जाते. या दोन्हींचा मेळ कसा घालावा, कोठे वेळ खर्च करावा आणि कोठे वाचवावा याची माहिती या लेखात दिली आहे.

लहान चूक मोठी कशी होते?

पीक कापणी प्रयोगात संपूर्ण शेत कापून मोजत नाहीत. यादृच्छिक पद्धतीने निवडलेल्या शेतात ठराविक मापाचा प्लॉट आखतात, तेवढ्याच भागाचे पीक कापतात, मळणी करून वजन घेतात आणि त्यावरून हेक्टरी उत्पादन काढतात. समजा प्लॉट १० मीटर × ५ मीटरचा आहे. त्याचे क्षेत्र ५० चौरस मीटर झाले. एका हेक्टरमध्ये १०,००० चौरस मीटर असतात, म्हणून प्लॉटच्या वजनाला २०० ने गुणावे लागते.

याचा अर्थ काटा १०० ग्रॅमने चुकला तर हेक्टरी २० किलोचा फरक पडतो. हाच प्लॉट १ मीटर × १ मीटरचा घेतला असता तर १०,००० ने गुणावे लागले असते आणि तेवढ्याच १०० ग्रॅमच्या चुकीने हेक्टरी १० क्विंटलचा फरक पडला असता. लहान प्लॉट लवकर कापून होतो, परंतु त्यातील चूकही तितक्याच पटीने वाढते.

दुसरे कारण कडेचे आहे. ५० चौरस मीटरच्या प्लॉटची कड ३० मीटर भरते, म्हणजे दर चौरस मीटरला ०.६ मीटर कड येते. एक चौरस मीटरच्या प्लॉटला मात्र ४ मीटर कड येते. दोरीवर आलेला चूड आत धरायचा की बाहेर, हा प्रश्न कडेलाच येतो, आणि माणसाचा हात साहजिकच तो आत ओढतो. त्यामुळे लहान प्लॉटमध्ये उत्पादन प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसते.

एक जुना आणि उपयोगी वाद

हा प्रश्न आपल्या देशात १९४० च्या दशकात फार गांभीर्याने चर्चिला गेला. भारतीय सांख्यिकी संस्थेचे संस्थापक प्रा. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी बंगालमध्ये नमुना पाहणीची मोठी कामे उभी केली. लहान प्लॉट घ्यावेत, ते संख्येने पुष्कळ घ्यावेत आणि काम झपाट्याने उरकावे, अशी त्यांची दिशा होती. सातारा जिल्ह्यातील बुध या गावी १९११ मध्ये जन्मलेले डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे त्या वेळी भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या सांख्यिकी कामाची धुरा वाहत होते. लहान प्लॉटमुळे उत्पादनाचा अंदाज वर सरकतो, हे त्यांनी प्रत्यक्ष प्रयोगांच्या आधारे १९४६-४७ च्या सुमारास मांडले. मोठा प्लॉट घ्यावा आणि गावपातळीवर आधीच असलेल्या महसूल व शेती खात्याच्या कर्मचाऱ्यांकडून काम करून घ्यावे, असा त्यांचा आग्रह होता. पुढे १९५१ ते १९७१ या काळात ते जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या सांख्यिकी विभागाचे प्रमुख होते. त्यांनी आणि डॉ. वि. गो. पानसे यांनी मिळून लिहिलेला कृषी संख्याशास्त्रावरील ग्रंथ १९५४ मध्ये प्रसिद्ध झाला आणि अनेक पिढ्यांच्या कृषी विद्यार्थ्यांनी तो वापरला.

या वादातून आपण घ्यावयाचा धडा असा की चुका दोन प्रकारच्या असतात. पहिली चूक कधी वर तर कधी खाली जाते. नमुने वाढवले की ती कमी होते, पण त्यालाही मर्यादा आहे : ही चूक निम्मी करायची तर नमुने चौपट घ्यावे लागतात, म्हणजे १० प्रयोगांच्या जागी ४०. दुसरी चूक नेहमी एकाच बाजूला झुकते. कडेचा चूड आत ओढणे, बिघडलेला काटा, ओल्या धान्याचे वजन या चुका तशा आहेत. त्या नमुने कितीही वाढवले तरी जात नाहीत. म्हणून वेळ थोडा असेल तेव्हा तो पहिल्यांदा दुसऱ्या प्रकारच्या चुका काढण्यात खर्च करावा.

ओलाव्याचा हिशेब आणि आपले पैसे

प्रधानमंत्री पीक विमा योजनेच्या मार्गदर्शक सूचनांनुसार (२०१६ पासून) महसूल मंडळ हा विमा घटक असेल तर त्या पिकाचे किमान १० पीक कापणी प्रयोग घ्यावयाचे असतात. म्हणजे संपूर्ण मंडळातील शेतकऱ्यांची भरपाई अशा थोड्या प्लॉटच्या आकड्यांवर मोठ्या प्रमाणात अवलंबून असते. यासाठी पुढील उदाहरण लक्षात घ्यावे. आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत.

समजा प्लॉटमधील भाताचे वजन १५ किलो भरले आणि दाण्यात २० टक्के ओलावा आहे. तसाच आकडा लिहिला तर हेक्टरी उत्पादन १५ × २०० = ३,००० किलो, म्हणजे ३० क्विंटल येते. १४ टक्के ओलाव्यावर आणण्यासाठी १५ ला ८० ने गुणून ८६ ने भागावे. उत्तर सुमारे १३.९५ किलो येते. त्यावरून हेक्टरी उत्पादन सुमारे २७.९ क्विंटल ठरते.

आता उंबरठा उत्पादन ३० क्विंटल असेल तर ओल्या वजनानुसार घट शून्य ठरते आणि भरपाईही शून्य. वाळल्या वजनानुसार घट ७ टक्के होते. विमा संरक्षित रक्कम हेक्टरी ५०,००० रुपये धरली तर सुमारे ३,५०० रुपये भरपाई निघते. ओलावा मोजायला किंवा धान्य वाळवून पुन्हा तोलायला जो वेळ लागतो तो या रकमेच्या मानाने काहीच नाही.

यात आणखी एक बाब आहे. उत्पादन मुद्दाम कमी लिहून घेणेही अखेर आपल्यालाच बाधते. उंबरठा उत्पादन हे मागील सात वर्षांपैकी चांगल्या पाच वर्षांच्या सरासरीवरून काढले जाते. आज खोटा कमी आकडा गेला तर उद्याची सरासरी खाली येते आणि खऱ्या दुष्काळात भरपाई कमी मिळते.

मोबाईलवरील पीक पाहणी

१५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. पूर्वी एकेका तलाठ्याने लिहायच्या नोंदी शेतकऱ्यांनी स्वतः करायच्या, यामुळे कामाला वेग आला. अचूकपणासाठी २०२२ मध्ये दोन गोष्टी जोडण्यात आल्या. नोंद केल्यापासून ४८ तासांत शेतकऱ्याला स्वतः दुरुस्ती करता यावी आणि एकूण नोंदींपैकी १० टक्के नोंदी तलाठ्यांनी पडताळाव्यात, अशी ती व्यवस्था होती. सर्व नोंदी तपासायच्या नाहीत, परंतु कोणतीही नोंद तपासली जाऊ शकते, हे त्यामागील तत्त्व आहे.

आपल्या डोंगराळ भागात या कामात विशेष काळजी घ्यावी लागते. खाचरे लहान व एकमेकांना लागून असतात. शेतात पोहोचल्यावर लगेच फोटो न काढता झाडाखालून बाहेर येऊन, मोकळ्या आकाशाखाली एक-दोन मिनिटे थांबावे, म्हणजे मोबाईलला जागेचा ठावठिकाणा नीट मिळतो. रेंज नाही म्हणून रस्त्यावरून किंवा पाड्यावरून फोटो काढू नये. एकाच गटात भात, नागली आणि उडीद असेल तर प्रत्येकाचे क्षेत्र वेगळे लिहावे. सर्व क्षेत्र भाताखाली दाखवल्यास नागलीचा हक्क जातो.

शेतकरी गटाचे रजिस्टर आणि संगणक

समजा हरसूल परिसरातील एखाद्या गटाने २,००० शेतकऱ्यांचा भात खरेदी केला. रजिस्टरच्या प्रत्येक पानावर २५ ओळी, अशी ८० पाने झाली. सर्व २,००० ओळी पुन्हा वाचण्याऐवजी पान-बेरजेची पद्धत वापरावी. प्रत्येक पानाखाली ओळींची संख्या, पोत्यांची बेरीज व वजनाची बेरीज लिहावी. संगणकावर तेवढ्या २५ ओळी भरून झाल्या की बेरीज जुळवावी. जुळली तर पुढचे पान घ्यावे. एका पानाला एक मिनिट धरले तरी सव्वा-दीड तासात सर्व काम तपासून होते आणि चूक निघाली तर ती २५ ओळींतच शोधावी लागते.

बेरजेतील फरकाला ९ ने पूर्ण भाग जात असेल तर बहुधा दोन आकड्यांची अदलाबदल झालेली असते. ५४ किलोऐवजी ४५ लिहिले तर फरक ९ येतो. जुने हिशेबनीस हा आडाखा नेहमी वापरत.

संगणकामुळे वेग येतो, मात्र त्याच्या काही खोडी माहीत असाव्यात. स्प्रेडशीटमध्ये गट क्रमांक १२/१ असा भरला की संगणक त्याची तारीख करून टाकतो. बँक खात्याच्या सुरुवातीचे शून्य गळून पडते. खाते क्रमांक १५ आकड्यांपेक्षा मोठा असेल तर एक्सेलमध्ये पुढच्या आकड्यांच्या जागी शून्य येते आणि शेतकऱ्याचे पैसे अडकतात. यासाठी हे रकाने भरण्यापूर्वीच ‘मजकूर’ प्रकारचे करून घ्यावेत.

फाइलच्या मर्यादाही ध्यानात ठेवाव्यात. एक्सेलच्या जुन्या प्रकारच्या फाइलमध्ये ६५,५३६ ओळीच मावतात. नव्या प्रकारात ही मर्यादा १०,४८,५७६ आहे. २०२० मध्ये इंग्लंडमध्ये कोरोना रुग्णांची माहिती जुन्या प्रकारच्या फाइलमध्ये ओतली गेली आणि सुमारे १६ हजार रुग्णांच्या नोंदी वेळेवर पुढे गेल्याच नाहीत. आत गेलेल्या ओळी आणि बाहेर आलेल्या ओळी मोजल्या असत्या तर ही चूक त्याच दिवशी लक्षात आली असती.

किती तपासावे?

सर्व रकाने सारख्या महत्त्वाचे नसतात. त्यांचे दोन भाग करावेत. नाव, खाते क्रमांक, गट क्रमांक, क्षेत्र आणि वजन यांची चूक थेट पैशावर येते, म्हणून या नोंदी शंभर टक्के तपासाव्यात. आपल्या पाड्यांवर एकाच नाव-आडनावाच्या दोन-तीन व्यक्ती असतात, त्यामुळे केवळ नावावर विसंबू नये, सोबत खाते क्रमांक पाहावा. आधार क्रमांकाचा शेवटचा आकडा आधीच्या अकरा आकड्यांवरून ठरतो. तो जुळतो का हे पाहिल्यास एखादा आकडा चुकल्याचे संगणकाला लगेच कळू शकते.

जात, लावणीची तारीख, पाड्याचे नाव अशा रकान्यांसाठी नमुना तपासणी पुरते. यादीतून चिठ्ठ्या टाकून ६० ओळी निवडाव्यात व मूळ कागदाशी ताडून पाहाव्यात. एकही चूक निघाली नाही तर एकूण यादीत चुकांचे प्रमाण ५ टक्क्यांपेक्षा कमी आहे असे बऱ्याच खात्रीने म्हणता येते (३ भागिले ६०). ३०० ओळी निर्दोष निघाल्या तर हे प्रमाण १ टक्क्याच्या आत येते. चुका निघाल्या तर मात्र त्या कोणाच्या हातून व कोणत्या दिवशी झाल्या ते पाहून तेवढा भाग पूर्ण तपासावा. पहिली ६० पाने किंवा शेवटच्या ६० ओळी घेणे म्हणजे नमुना नव्हे.

लक्षात ठेवावयाच्या बाबी

१) पीक कापणी प्रयोग आपल्या गावात असेल तेव्हा हजर राहावे. प्लॉटची जागा यादृच्छिक पद्धतीनेच ठरू द्यावी, चांगली किंवा वाईट जागा सुचवू नये.

२) प्लॉटची माप-दोरी ताणून धरावी. कडेच्या चुडाचा बुंधा निम्म्याहून अधिक आत असेल तरच तो घ्यावा.

३) वजनापूर्वी काटा शून्यावर आहे का ते पाहावे व ओलाव्याची नोंद करून घ्यावी.

४) ई-पीक पाहणीची मुदत दर हंगामात जाहीर होते. शेवटच्या दोन दिवसांवर काम ठेवू नये. नोंद केल्यावर दुरुस्तीच्या मुदतीतच ती पुन्हा उघडून पाहावी.

५) रजिस्टरची मूळ प्रत कधीही खोडू नये. दुरुस्ती शेजारी लिहून सही व तारीख घालावी. संगणकावरही मूळ फाइल वेगळी ठेवून तिच्या प्रतीवर काम करावे.

६) रोजचे काम रोज जुळवावे. महिन्याच्या शेवटी दोन हजार ओळींतून चूक शोधण्यापेक्षा संध्याकाळी पन्नास ओळींतून शोधणे सोपे असते.

काम वेगाने उरकणे म्हणजे तपासणी गाळणे नव्हे, आणि अचूकपणा म्हणजे प्रत्येक गोष्ट सारख्याच वेळा तपासणेही नव्हे. ज्या नोंदीवर पैसा व हक्क अवलंबून आहे ती पूर्ण तपासावी, बाकीची नमुन्याने तपासावी आणि बेरजा रोज जुळवाव्यात. एवढी शिस्त पाळल्यास हंगामाच्या धावपळीतही नोंदी वेळेवर व बिनचूक होतील आणि आपल्या कष्टाचे मोल कागदावरही बरोबर उतरेल.